पाठ घासलेली कवडी

माझा भाऊ दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतो आणि त्या पैशांतून कवड्या विकत घेतो. हे मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तो पोट धरून हसला होता. पुढे येईल त्या पाहुण्याला मी तेच ऐकवायला लागले, तेव्हा त्याचं हसणं बंद झालं.

मी पडदे शिवते. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागच्या खोलीत त्याचं मेज आणि मध्ये स्वयंपाकघर, असा आमचा संसार. आईवडील लवकर गेले, त्याला मी वाढवलं. माझं लग्न टिकलं नाही, त्याने केलंच नाही. पन्नाशी उलटली तरी मी त्याला बाळ म्हणते आणि माझं ऐकून सगळी गल्लीही बाळच म्हणते. मागच्या खोलीतून मेणाचा आणि प्लास्टरचा वास यायचा, पुढच्या खोलीतून माझा आवाज जायचा. तक्रार कोणाचीच नव्हती.

नाणी जमवणारे लोक त्याला पोरकट वाटत. त्याला हवा होता नाण्याच्या आधीचा पैसा. कधीच काही न कापलेल्या काशाच्या सुऱ्या, लोखंडाच्या पिळदार कांबी, ठसा उठवलेले चांदीचे वाकडे तुकडे, कड्या, मणी आणि कवड्या. सगळं सपाट ड्रॉवरमध्ये, माझ्या पडद्यांच्या उरलेल्या मखमलीवर मांडलेलं. पाहुण्यांना चहा मिळो न मिळो, ड्रॉवर बघावे लागायचे.

त्याच्यासारख्या वेड्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते जमतात, अदलाबदल करतात, भांडतात आणि घरी येतात. त्यांचा एक जुना नियम होता. कोणी कोणाकडून काही फुकट घ्यायचं नाही. मित्राने अगदी प्रेमाने दिलं तरी त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचंच, निदान एक बटण. त्यामुळे बैठकीच्या दिवशी बाळ माझ्या डब्यातली बटणं चोरून नेत असे. मला वाटायचं, म्हाताऱ्यांचे खेळ आहेत.

एका बैठकीहून तो आला तो जमिनीच्या वीतभर वरून चालत होता. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून कवड्यांची एक माळ काढली. कवड्या जुन्या, पिवळट, पाठ घासून सपाट केलेल्या. त्या अशा घासतात ते दोऱ्यात ओवायला सोपं जावं म्हणून, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. मंडळात एक नवी बाई आली होती म्हणे, राखाडी कोट घातलेली. तिने ही माळ त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, घ्या. बाळने खिसे चाचपले, नेमकं बटण नव्हतं. ती म्हणाली, राहू द्या. मग तिने विचारलं, घरी कोण असतं? बाळ म्हणाला, ताई असते. ती म्हणाली, मग चालेल, आणि निघून गेली.

“फुकट ते पौष्टिक,” मी म्हटलं. तो इतका खूश होता की त्याला ते टोचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने माळ तोडली. जमवणाऱ्याला एका जातीचा एकच नमुना लागतो. बाकीचे ते डबल, आणि डबल असतात दुसऱ्याला देऊन आपल्याकडे नसलेलं आणायला. सर्वांत लहान कवडी त्याने स्वतःला ठेवली. ती सर्वांत जुनी होती असं तो म्हणायचा. पाठ इतकी घासलेली की खिडकीशी धरली तर कडा उजळायच्या, आणि पोटाशी दोन्ही बाजूंनी बारीक दात. दात म्हटल्यावर माझा भाऊ विरघळणारच. ती मखमलीवर ठेवून बाकीच्या घेऊन तो गावभर हिंडू लागला. कधी सुरी आणली, कधी कडं आणलं. इतक्या आनंदात मी त्याला क्वचितच पाहिलं होतं, म्हणून मीही काही बोलले नाही.

त्याच सुमारास पाववाल्याने मला विचारलं, नवीन राहायला आलात का. त्याचं दुकान सुरू झालं तेव्हा उद्घाटनाचा पडदा मी शिवला होता. मी त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा हात जोडून माफी मागत राहिला, पण ओळख काही त्याच्या डोळ्यांत आली नाही. मग एक जुनी गिऱ्हाईक पडदे न्यायला आली आणि दारात उभी राहून म्हणाली, इथे एक बाई शिवतात ना, त्या आहेत का? मी मोजपट्टी गळ्यात घालून तिच्यासमोर उभी होते. मावसबहिणीला फोन केला तर तिने राँग नंबर म्हणून ठेवून दिला. माझ्या किल्लीने आमचंच कुलूप उघडेना. बाळने तीच किल्ली घातली की ते लोण्यासारखं फिरायचं.

आधी वाटलं, माणसं म्हातारी झाली. मग वाटलं, मी म्हातारी झाले. बाळला सांगितलं तर तो म्हणाला की तू सगळ्यांवर इतकी ओरडतेस, लोक मुद्दाम ओळख दाखवत नसतील. त्यावर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र तेव्हाही मला ताईच म्हणत होता, आणि खरं सांगते, तेवढ्यावरच मी धीर धरून होते.

एका दुपारी पडद्याच्या कड्या आणायला कापडबाजारात गेले होते. येताना मागच्या गल्लीने आले. त्या गल्लीत मी पूर्वी कधी पाऊल टाकलं नव्हतं. एका दारात राखाडी कोटातली एक बाई झाडू मारत होती. मला बघून ती बाजूला झाली.

“आज उशीर झाला तुम्हाला. खोली झाडून ठेवलीय,” ती म्हणाली.

मी तिला चांगलं सुनावणार होते. पण माझे पाय जिना चढायला लागले. तिसरी पायरी फुटकी होती आणि न बघताच मी तिच्यावरून पाय उचलून टाकला. वर एक स्वच्छ खोली होती. खिडकीशी शिवणाचं मशीन, सुईखाली अर्धवट शिवलेली पडद्याची कड. मी शिवण संपवताना तीन टाके उलटे घेऊन डावीकडे गाठ मारते. आईने तसं शिकवलं होतं, आणि मी दुसऱ्या कोणाला तसं करताना पाहिलेलं नाही. त्या कडेच्या टोकाला तीच गाठ होती. दोरा नुकताच तोडलेला होता. मशीनशेजारी कप होता, आणि त्याच्या काठाला हात लावला तर तो कोमट लागला.

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. खोलीत भिण्यासारखं काहीच नव्हतं, तीच भीती होती. खुर्चीची उंची माझ्या पाठीला बरोबर बसणारी होती आणि मला बसावंसं वाटत होतं. मी खाली आले तेव्हा बाई झाडतच होती. तिने अडवलं नाही. घाई नाही, आवरून या, एवढंच म्हणाली.

घरी आले तर बाळ नवं कडं कापसाने पुसत बसला होता. डबल सगळे संपले, शेवटचे दोन काल दिले, असं त्याने हसत सांगितलं. त्याला राखाडी कोट आठवतो का, विचारलं. त्याचे हात थांबले. मी त्याला सगळं सांगितलं, आणि आम्ही तसेच उठून घड्याळवाल्यांकडे गेलो. घड्याळवाले म्हणजे मंडळातले सर्वांत वयस्क गृहस्थ. आमच्या घरी असंख्य वेळा जेवलेले, माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवून दुसऱ्यांदा वाढून घेणारे.

त्यांनी डोळ्यावरची भिंगाची नळी काढली, बाळकडे बघून हसले आणि माझ्याकडे बघून खुर्ची पुढे केली. “बसा. बाळ, या कोण?”

बाळ हसला. मग त्याचं हसणं विरलं. त्याने विचारलं, “काका, तुम्ही माझ्याकडून कवडी घेतलीत ती कुठंय?”

ती त्यांच्या खणातच होती. बाळने ती मागितली, त्यांनी नाखुशीने त्याच्या तळहातावर ठेवली. ठेवताक्षणी त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाले, अगं, तू कधी आलीस, उभी का?

भिंतीवरची घड्याळं चालत होती, प्रत्येकाची वेळ वेगळी. घड्याळवाल्यांनी माळ कशी मिळाली ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. बटण दिलं का, हे तर तीनदा विचारलं. मग चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले.

“धान्याला धान्य देऊन लोकांचं भागत होतं रे,” ते म्हणाले. “हा पैसा त्यासाठी आलाच नाही. कोणाची मुलगी नेली, कोणाचा माणूस मारला गेला, कोणी आपलं पोर दुसऱ्या घराला दिलं, की लोक हा पैसा द्यायचे. म्हणून म्हणतो, बटण तरी द्यावं. तुला वाटतं तू फुकट वस्तू घेतलीस. तू पैसे घेतलेस, बाळ. वस्तू द्यायची राहिलीय.”

“ताई?” बाळने विचारलं.

“तूच सांगितलंस ना घरी कोण असतं ते,” घड्याळवाले म्हणाले. त्यांच्या मते मार्ग एकच होता. घेतलेली माळ पुरी परत करायची. जी कवडी दुसऱ्याच्या हातात गेली तिच्याबरोबर माझं एकेक माणूस गेलं होतं, आणि ती परत आली की ते माणूस परत येणार होतं.

पुढचे आठवडे बाळने काय केलं ते मी विसरणार नाही. जमवणाऱ्याला घेतलेली गोष्ट परत मागणं म्हणजे आपण होऊन गळा पुढे करणं. ज्यांनी एक सुरी देऊन कवड्या घेतल्या होत्या, त्यांना आता त्या परत द्यायला दोन सुऱ्या हव्या होत्या. त्याने दिल्या. चांदीचे तुकडे दिले, कांबी दिल्या, ज्या मण्यांसाठी त्याने एक हिवाळा कोटाशिवाय काढला होता ते मणी दिले. ड्रॉवर एकेक करून रिकामे झाले आणि नुसती मखमल उरली, तिच्यावर वस्तूंचे दबलेले ठसे. रोज घरी आला की नवी मिळालेली कवडी तो माझ्या हातावर ठेवायचा आणि विचारायचा, आज कोण? मी खाली जाऊन बघून यायची. पाववाला ओळखू लागला. मावसबहिणीने आपण होऊन फोन केला आणि तासभर सुनेच्या कागाळ्या सांगितल्या, त्या मी देवाचा प्रसाद असल्यासारख्या ऐकल्या. एका संध्याकाळी माझ्या किल्लीने कुलूप उघडलं तेव्हा मी जिन्यातच बसून रडले. जन्मभर ज्याला भंगारवाला म्हटलं, त्याने माझ्यासाठी सगळं भंगार लुटवलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला आणि तो मी त्याच्या तोंडावर बोलून दाखवला. तो खाली बघत राहिला. मला वाटलं, लाजला.

मंडळाच्या बैठकीच्या आधी माळ ओवायला घेतली. दोरा मी दिला, त्याला त्याच्याकडचं मेण चोळलं. त्या दिवसांत तो मेजावरून उठत नव्हता, एका डॉक्टरची तातडीची कवळी आहे म्हणाला. सगळ्या कवड्या ओवून झाल्या आणि राहिली ती ड्रॉवरमधली लहान. ती मी ओवतो, तो म्हणाला. त्याने मागच्या खोलीत जाऊन ती ओवून आणली आणि गाठ मात्र मला मारायला लावली. मी डावीकडे गाठ मारली.

हॉलमध्ये राखाडी कोटातली बाई टेबलाच्या टोकाला बसली होती. बाळने माळ तिच्यापुढे ठेवली.

“मोजून घ्या,” तो म्हणाला.

“मी मोजत नाही. देणाऱ्याला माहीत असतं,” ती म्हणाली. “पुरी आहे?”

बाळ क्षणभर थांबला. “पुरी आहे.”

तिने माळ उचलून तळव्यावर तोलली. मग त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. त्या नजरेत राग नव्हता. मला तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दलची कीव दिसली आणि मी मनात म्हटलं, हिची मी कोण लागते. ती माळ पर्समध्ये घालून निघून गेली.

येताना आम्ही हसत होतो. मी पाव घेतला, पाववाल्याने एक जास्तीचा घातला. पिशवी बाळने घेतली. जिना मी आधी चढले, कुलूप उघडलं, दिवा लावला. मागे वळले तर बाळ दाराबाहेरच उभा होता. पिशवी दोन्ही हातांत धरून, परक्याच्या घरी उभं राहावं तसा.

“आत ये ना,” मी म्हटलं.

“माफ करा,” तो म्हणाला. “हे घर माझंच आहे ना? हो, माझंच आहे. तुम्ही कोणाकडे आलात?”

डॉक्टरांना दाखवलं. डोकं ठणठणीत होतं. सगळ्या दातांची नावं त्याला सांगता आली, आईचा चेहरा आठवत होता, शाळेतले मास्तर आठवत होते. लहानपणी टायफॉईड झाला होता तेव्हा उशाशी कोण बसायचं, हे मी त्याला विचारलं. महिनाभर मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. तो विचार करून अगदी खरेपणाने म्हणाला, “कोणी नाही हो. एकटाच होतो. बरा झालो कसा तरी.” गल्ली मला ओळखते, मावसबहीण ओळखते, कुलूप ओळखतं. सगळे त्याला समजावून थकले की ही तुझी ताई. तो सभ्यपणे ऐकून घेतो आणि लोक आपली चेष्टा करतायत असं समजून हसतो.

त्याच्या मेजाच्या खाली, चुऱ्यात, मला प्लास्टरचा साचा सापडला. दोन अर्धे, आणि बंद केले की मध्ये एका लहान कवडीएवढी पोकळी. दोन्ही बाजूंनी बारीक दात. शेजारी डॉक्टर लोक वापरतात ती दातांच्या रंगांची पट्टी पडली होती, पिवळट रंगाशी उघडलेली. काम इतकं सुंदर होतं की तळव्यावर तोलूनही फरक कळू नये. खरी ड्रॉवरमध्ये होती, मखमलीच्या मधोमध.

मला राग आला, आणि मी रागाची बाई आहे, पण हा राग कुठे ठेवावा ते कळेना. मोठमोठ्या सुऱ्या देताना ज्याचा हात थरथरला नाही, तो त्या एवढ्याशा कवडीपाशी अडला. त्याला वाटलं असणार, एवढ्या कवड्यांत एक खोटी गेली तर काय होतंय. जमवणाऱ्यांच्या जगात तसं चालतं. चांगला नमुना एकदा हातात आला की तो सोडवत नाही, आणि नक्कल केली तर दोघांचं समाधान होतं.

ती खरी कवडी मुठीत घेऊन मी कापडबाजारामागच्या गल्लीत गेले. बाई दारात होती. मी हात पुढे केला. तिने तो हलकेच मिटवला.

“ही तुमची नाही, तुम्ही कशी द्याल?” ती म्हणाली. “बाकीच्यांनी तुम्हाला परत घेतलं. त्याने आपला भाग विकला आणि किंमत ठेवून घेतली. त्याच्या हाताने आली तर मी आजही घेईन.”

वरच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. मी वर बघितलं नाही. घरी येऊन कवडी होती तशी ठेवून दिली.

आता मी त्याची भाडेकरू आहे. पुढची खोली आपणच कधीतरी भाड्याने दिली असणार, असं त्याने स्वतःला समजावलंय. पहिल्या तारखेला तो दारावर टकटक करतो आणि मी त्याला भाडं देते. संकोचून घेतो. चहा विचारला तर नको नको म्हणून घेतो, आणि कप धुऊन परत करतो. माझ्याकडून एवढं सौजन्य त्याला जन्मात मिळालं नव्हतं, त्याच्याकडून मला.

मधूनमधून मी त्याला ड्रॉवर दाखवायला सांगते. त्याला आवडतं. बाकीचे ड्रॉवर रिकामे का, हे त्याला आठवत नाही. कवडी तो चिमटीत धरून खिडकीशी नेतो, कडा उजळतात, मग तिच्या दातांबद्दल बोलत राहतो. काल मी त्याला सरळ विचारलं, ही मला विकाल का. माझ्या साठवणीतलं सगळं देते म्हटलं, मशीन देते म्हटलं. तो दचकला. मग त्याला माझी दया आली असावी, कारण त्याने मला बसायला सांगितलं.

“तुम्हाला कोण आहे?” त्याने विचारलं.

“धाकटा भाऊ आहे,” मी म्हटलं.

“मग तुम्ही नशीबवान आहात. मला हिच्याशिवाय कोणी नाही हो,” तो म्हणाला, आणि कवडी मखमलीवर ठेवून त्याने ड्रॉवर हळूच लावून घेतला.